हॅनरहन साहेबांचं व्याकरण

"मला शिक्षा पाहिजे," हे हॅनरहन साहेबांच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं मराठी वाक्य.

चौपन्न साल असावं. आम्ही तेव्हा अंधेरीला गुंदवलीत राहत होतो. रविवारची सकाळ होती आणि मी शाळेतल्या मुलींच्या वह्या तपासत दाराशी बसले होते. समोर सावली पडली म्हणून वर पाहिलं, तर एक उंचच उंच, पाठीत थोडा वाकलेला गोरा म्हातारा हॅट छातीशी धरून उभा. गल्लीतली अर्धी बिऱ्हाडं त्याच्या मागे जमलेली.

"काय पाहिजे आपल्याला?"

"शिक्षा," तो म्हणाला. "मला शिक्षा पाहिजे. मराठीची शिक्षा."

मला हसू आवरेना. तेवढ्यात आतून अण्णा आले, माझे वडील. अंगात बनियन, खांद्यावर पंचा. त्या माणसाला पाहताच ते ताठ झाले, पंचा सावरला आणि जवळजवळ पुटपुटले, "माय लॉर्ड!"

अण्णांनीच मग चूक समजावून सांगितली. साहेबांचा ड्रायव्हर हिंदी बोलणारा, त्याच्याकडून त्यांनी हा शब्द उचलला होता. हिंदीत शिक्षा म्हणजे विद्या; मराठीत शिक्षा म्हणजे जी ते स्वतः इतकी वर्षं लोकांना देत आले ती. "तुम्हाला शिक्षण पाहिजे, साहेब. शिक्षा नव्हे," अण्णा म्हणाले.

साहेबांनी दोन्ही शब्द मनात घोळवले आणि इंग्रजीत म्हणाले, "दोन्ही चालतील."

अण्णा हसले. साहेब हसले नव्हते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

न्यायमूर्ती हॅनरहन यांना मी त्या दिवशी प्रथम पाहिलं, पण त्यांचं नाव माझ्या लहानपणात भरून होतं. अण्णा हायकोर्टात त्यांचे बेंच क्लार्क होते. साहेबांच्या खुर्चीखालच्या टेबलाशी बसायचं, कागद पुढे करायचे, तारखा लिहायच्या. साहेब आयर्लंडचे. तिथल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खेड्यात त्यांचे वडील शाळामास्तर होते. मुलगा डब्लिनला बॅरिस्टर झाला, पण तिथे त्याला कामच मिळेना. म्हणून कुणाच्या तरी ओळखीनं मुंबईला आला. इथे अपिलं लढवण्यात त्याचं नाव झालं. वाघासारखा उभा राहायचा, अण्णा सांगत. कागदपत्रांतली फट बरोबर हेरायची आणि तिच्यातून अख्खा खटला बाहेर ओढून काढायचा. पुढे सरकारनं त्यालाच न्यायमूर्ती केलं आणि अपिलाच्या बाजूला बसवलं. जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली फौजदारी अपिलं त्यांच्यासमोर येत.

साहेबांची दुसरी कीर्ती होती ती विनोदाची. संध्याकाळी घरी आले की अण्णा आईला "आज साहेब काय म्हणाले" ते सांगत. त्यातला एक किस्सा तर आमच्या घरात म्हणीसारखा वापरला जाई. एक तरुण वकील कुठल्याशा शब्दाच्या अर्थावर घोळ घालत बसला होता, तेव्हा साहेब त्याला म्हणाले होते, "वकीलसाहेब, हे अपिलाचं कोर्ट आहे, व्याकरणाचा वर्ग नव्हे." सगळं कोर्ट हसलं. तो वकीलसुद्धा हसला आणि खाली बसला. आमच्याकडे कुणी कुणाचा शब्द धरून बसलं की आई डोळे मिचकावून म्हणे, "अहो, हे अपिलाचं कोर्ट आहे!"

साहेब निवृत्त झाले, पत्नी वारली, स्वातंत्र्य आलं, गोरे लोक बोटींवर चढले. हे मात्र अंधेरीतल्याच आंबोलीच्या देवळाजवळ, म्हणजे ख्रिस्ती देवळाजवळ, एका जुन्या कौलारू बंगल्यात राहिले. पत्नीला तिथल्याच दफनभूमीत पुरलं होतं. गवळी त्यांना हणराव म्हणत असे. 'हॅनरहन' त्याच्या जिभेवर चढत नव्हतं. साहेबांना ते नाव फार आवडलं. "हणराव आंबोलीकर," असं ते कधी कधी स्वतःची ओळख करून देत.

आठवड्यातून तीन संध्याकाळी मी शिकवायला जाऊ लागले. मला ते 'सुमनबाई' म्हणत आणि मी आत आले की उठून उभे राहत. सत्तरीचा माणूस तेवीस वर्षांच्या पोरीसाठी उठतो हे मला अवघड वाटे. मी तसं म्हटलं तर म्हणाले, "शाळेत बाई आली की मुलगा उभी राहते."

"उभा राहतो."

"उभा राहतो. बघा, बसलो असतो तर ही चूक कळली नसती."

विद्यार्थी म्हणून ते हट्टी होते. मी मुलांचं पाठ्यपुस्तक नेलं तर त्यांनी ते बाजूला ठेवलं. चिमणी, फुलपाखरू, आजोबांची काठी यांच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. "मला भांडणाचं मराठी शिकवा," ते म्हणाले. "माणूस घाबरला की काय बोलतो? चिडला की काय बोलतो? खोटं बोलताना वाक्य कुठून सुरू करतो?" मला कुठलं सांगता येणार? मग ते स्वतःच अंधेरीच्या मासळी बाजारात जाऊन उभे राहू लागले. तिथून नवे शब्द घेऊन येत आणि अत्यंत गंभीरपणे मला अर्थ विचारत. त्यांतले काही मी सांगू शकले नाही. "हे शब्द अण्णांना विचारा," एवढंच मी म्हणाले.

त्यांची एक सवय मात्र मला सुरुवातीला चमत्कारिक वाटे. समोरचा जे बोलेल ते उत्तर देण्याआधी ते परत म्हणून दाखवत. गवळी म्हणाला, "उद्या म्हशीला बरं नसंल तर दूध उशिरा येईल," की साहेब म्हणणार, "म्हणजे तुम्ही म्हणता, दूध येईल, पण उशिरा. आणि तेही म्हैस आजारी असली तर. बरोबर?" गवळी वैतागून म्हणे, "हो ओ साहेब, मी दुसरं काय म्हनलो?" मी एकदा विचारलं, "इतकं कशाला? साधी तर गोष्ट असते." ते म्हणाले, "साधीच गोष्ट चुकते, सुमनबाई. अवघड गोष्टीकडे आपलं लक्ष असतं."

सहा-सात महिन्यांनी क्रियापदांचा धडा चालू होता. मी 'करणे' आणि 'देणे' काढून ठेवले होते. ते म्हणाले, "आज 'मारणे'." मी म्हटलं बरं. हाक मारणे, गप्पा मारणे, उडी मारणे, चक्कर मारणे, मिठी मारणे, डोळा मारणे. ते एकेक लिहून घेत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत होतं. "काय भाषा आहे तुमची! माणूस सकाळपासून मारतच असतो आणि मरत कुणीच नाही."

मी हसले. वर पाहिलं तर त्यांचं हसू मावळलं होतं. पेन खाली ठेवून ते बागेकडे बघत बसले. मग इंग्रजीत बोलू लागले. इतके महिने माझ्यासमोर इंग्रजी शब्द येऊ न देण्याची त्यांची प्रतिज्ञा होती. ती त्या दिवशी मोडली. "हे मला चुकून चालणार नाही," म्हणाले, "म्हणून माझ्या भाषेत सांगतो."

मनोरीच्या दोन मच्छीमारांचं भांडण झालं होतं. एकाचं नाव पास्कू, दुसऱ्याचं इनास. जाळी कुठे लावायची यावरून किनाऱ्यावर बाचाबाची झाली आणि पास्कूनं वल्हं उगारलं. दुसऱ्या दिवशी इनासचं प्रेत खाडीत मिळालं. डॉक्टरला नक्की सांगता येईना की माणूस मारानं मेला की बुडून. पण पास्कूच्या शेजाऱ्यानं साक्ष दिली, की त्या संध्याकाळी पास्कू घरी आला आणि म्हणाला, "मी इनासला मारला." साक्षीचं इंग्रजी भाषांतर होऊन साहेबांपुढे आलं, त्यात लिहिलं होतं: मी इनासला ठार केलं. खालच्या कोर्टानं जन्मठेप दिली होती. पास्कूनं अपील केलं.

"त्याच्या वकिलानं तो मुद्दा काढला होता," साहेब म्हणाले. "तरुण मुलगा होता. म्हणाला, माय लॉर्ड, मूळ शब्दाला दुसराही अर्थ आहे. जेवणाची सुट्टी व्हायला आली होती. मी त्याला एक वाक्य ऐकवलं."

त्यांनी ते वाक्य सांगण्याआधीच मला ते कळलं. माझ्या कानात आईचा आवाज वाजला.

"अपील फेटाळलं," साहेब म्हणाले. "निकालपत्रात मी लिहिलं, आरोपीनं स्वतःच्या तोंडानं गुन्हा कबूल केला आहे. वाक्य चांगलं जमलं होतं. मला ते पाठ आहे."

त्यांना चूक कळली ती निवृत्तीनंतर. घरकामाला सावित्री नावाची मालवणकडची बाई होती. एक दिवस ती रडत आली आणि म्हणाली, "सायबानू, घोवान माका मारल्यान." साहेबांना मराठीतले तेव्हा पाचपन्नास शब्द येत होते, 'मारणे' म्हणजे ठार करणे, हा त्यांतला एक. नवऱ्यानं ठार केलेली बाई समोर उभी राहून पदरानं नाक पुसते आहे, याचं त्यांना हसू आलं. त्यांनी विचारलं, "मारल्यान म्हणजे?" तिनं बाही सरकवून दंडावरचा वळ दाखवला. "हसता काय? ह्या बघा, हाताक काय झाला ता!"

"तो वळ बघता बघता मला पास्कू आठवला," साहेब म्हणाले. "त्याचा चेहरा नाही. तो मी कधी पाहिलाच नव्हता. अपिलाला आरोपी हजर नसतो."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "भाषांतर करणाऱ्याची चूक, साहेब. तुमची कशी?"

त्यांनी एकदम माझ्याकडे वळून पाहिलं. "भाषांतर कुणी केलं ते मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. त्याच्यासमोर कागद होता. माझ्यासमोर सांगणारा माणूस उभा होता, आणि मी त्याला हसून बसवलं." मग म्हणाले, "माझे आजोबा इंग्रजी बोलत नसत. लहानपणी मी त्यांच्याबरोबर एकदा कचेरीत गेलो होतो, जमिनीच्या वादासाठी. ते आमच्या आयरिश भाषेत खूप बोलले, आणि दुभाष्यानं साहेबाला एकच वाक्य सांगितलं. मी वडिलांना विचारलं, बाकीचं कुठे गेलं? त्या रागानं मी बॅरिस्टर झालो, सुमनबाई. त्या रागानं."

मी वही मिटली आणि निघाले.

घरी येऊन अण्णांना सांगितलं. ते जेवत होते. ऐकता ऐकता त्यांचा हात ताटातच थांबला. "तोच खटला?" त्यांनी विचारलं. "व्याकरणाचा?" मी मान हलवली. आई म्हणाली, "अहो, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? तुम्ही का निकाल दिलात?"

"मी हसलो होतो," अण्णा म्हणाले. "नुसता हसलो नाही. घरी येऊन तुम्हाला सांगितलं. पोरांकडून पाठ करून घेतलं." ते ताटावरून उठले. आईनं परत बसायचा आग्रह केला नाही.

त्यानंतर अण्णांनी जुने संबंध उकरायला सुरुवात केली. कुणी ठाण्याच्या तुरुंगात नोकरीला होता, कुणी हायकोर्टाच्या दफ्तरात. महिनाभरानं ते मला म्हणाले, "सुमे, साहेबांना सांग, तो जिवंत आहे. सुटून चार वर्षं झाली. मनोरीलाच आहे."

साहेबांना सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. त्यांचा चेहरा पांढरा पडला. पास्कू मेला असणार असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं, हे मला तेव्हा कळलं. मेलेल्या माणसासाठी त्याची भाषा शिकणं सोपं असतं. त्यांनी आणखी दोन महिने घेतले. मी तयार नाही, माझं व्याकरण कच्चं आहे, असं म्हणत राहिले. शेवटी सावित्रीच एक दिवस खणखणीत बोलली. "सायबानू, तुमचा ह्या शिकणा आता पुरे. जावचा तर जावा, नायतर देवाचा नाव घेवन गप बसा."

आम्ही गेलो. मालाडहून घोडागाडीनं मार्व्याला, तिथून होडीनं पलीकडे. साहेबांनी कोट घातला होता. दुभाषी म्हणून मला नेत नव्हते, हे त्यांनी होडीतच बजावलं. "मी अडलो तर अडू द्या. तुम्ही शब्द पुरवायचा नाही."

पास्कू घरासमोर माडाला टेकून जाळं विणत होता. साठीचा, काटकुळा, एका डोळ्यात फूल पडलेलं. साहेब त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. हॅट काढली.

"मी हॅनरहन. हायकोर्टात जज्ज होतो. तुमचं अपील मी फेटाळलं."

पास्कूची बोटं थांबली. त्यानं साहेबांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तुमीच काय ते?"

"मीच."

"तुमचं तोंड मी आज पयल्यांदा बगतो."

"मीही तुमचं."

पास्कूनं पायानं एक पाट पुढे सरकवला. "बसा."

साहेब कसेबसे पाटावर बसले. गुडघे जवळजवळ हनुवटीला लागले. त्यांनी ठरवून आणलेलं वाक्य म्हटलं, "माझी चूक झाली. 'मारला' या शब्दाचा अर्थ मला कळला नाही. तुमच्या वकिलानं सांगितलं तर मी ऐकून घेतलं नाही. मी तुमची माफी मागायला आलो आहे."

"माफी फादर देतो," पास्कू म्हणाला. "मी मच्छी मारतो."

मला वाटलं झालं, आता आम्हाला उठवणार. पण तो जाळं बाजूला ठेवून म्हणाला, "वकील बोलला, साक्षीदार बोलला, पोलीस बोलला. मना कोन इचारला नाय. बोललो तं म्हनत, हो का नाय तेवढंच सांग. तुमी आता आलाव ना? मंग ऐका."

आणि त्यानं सांगितलं. त्या दिवशीचं वारं, इनासनं आईवरून दिलेली शिवी, वल्ह्याचा तडाखा, तो खांद्यावर कसा बसला ते. साहेब प्रत्येक वाक्य परत म्हणत होते. "म्हणजे तुम्ही म्हणता, डोक्यावर नाही, खांद्यावर." "म्हणजे तो उठला आणि होडीत बसला." कुठे चुकलं की पास्कू चिडून दुरुस्त करी, "चालत नाय गेला, झोकांड्या खात गेला. पिला व्हता तो." साहेब पुन्हा म्हणत, "झोकांड्या खात." शब्द त्यांना माहीत नव्हता. पास्कू उठला आणि त्यानं चालून दाखवलं. मला शब्द पुरवायची मनाई होती. मी वाळूकडे बघत बसले.

शेवटी पास्कूचा आवाज खाली आला. "भरती चढत व्हती. त्याला वल्हवायला येत नव्हता, एवढा पिला व्हता. मना ठावं व्हता. मी मागं गेलो नाय. घरी आलो, शेजाऱ्याला म्हटलं, मी इनासला मारला, आता त्याची मस्ती जिरंल. आनि जेवलो." तो थांबला. "ह्ये मी कोर्टात सांगनार व्हतो. कुनी इचारलाच नाय."

साहेबांनी ते वाक्यही परत म्हटलं, सगळ्यांत हळू. "तुम्ही मागे गेला नाहीत. घरी आलात. जेवलात."

"बरोबर."

मग साहेबांनी विचारलं, "मी पुन्हा येऊ?"

"नाय," पास्कू म्हणाला. "कशाला? मी सांगितला, तुमी ऐकला. पुन्यांदा आलाव तं मना तुमची कीव कराया लागंल. ती मना नको."

परतताना होडीत मी साहेबांना म्हटलं, "बघा, त्याचीही चूक होतीच की. त्यानं इनासला वाचवायला हवं होतं." मला खरंच वाटलं होतं की यानं त्यांचं ओझं हलकं होईल. ते ताडकन म्हणाले, "नाही. ते त्याचं आहे. त्यानं ते माझ्या हातात विश्वासानं दिलं. मी त्याचा उपयोग करून सुटू? मग मी पहिल्यापेक्षा वाईट." ते मराठीत बोलले होते, आणि त्या वाक्यांत एकही चूक नव्हती.

त्यांनी सरकारला कळवून पाहिलं. शिक्षा भोगून झाली आहे, आता काही करता येत नाही, असं आदबशीर उत्तर आलं. पास्कूकडे ते पुन्हा गेले नाहीत. जायची ओढ त्यांना फार होती. रविवारी मार्व्यापर्यंत जायचे, पलीकडे बघत उभे राहायचे आणि परत यायचे, असं ड्रायव्हर सांगे.

मग ते अंधेरीच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात जाऊन बसायला लागले, अगदी मागच्या बाकावर. दारूच्या, मारामारीच्या, चोरीच्या किरकोळ केसेस. आरोपी बोलायला लागला की हे कानामागे हात धरून पुढे वाकत. कुणाला कळत नव्हतं हा गोरा म्हातारा रोज कशाला येतो. एकदा एका घाबरलेल्या मजुराला वकिलानं मध्येच गप्प केलं, तेव्हा साहेब मागून मोठ्यानं म्हणाले, "त्याचं वाक्य संपू द्या." तरुण मॅजिस्ट्रेट भडकले. "तुम्ही कोण? खाली बसा, नाहीतर बाहेर काढीन." हायकोर्टाचे माजी न्यायमूर्ती निमूटपणे खाली बसले. मी हे ऐकून संतापले, पण ते म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे. मध्ये बोलायचं नसतं. पण त्या माणसाचं वाक्य पूर्ण झालं." त्या मजुराचं पुढे काय झालं, ते मला माहीत नाही. साहेबांनी चौकशी केली होती एवढं आठवतं.

त्या काळात मी त्यांना एकदा सरळ विचारलं, "इतक्या अपिलांत तुम्ही न्याय दिलात. अण्णा सांगतात, किती लोकांना तुम्ही सोडवलंत. त्याचं काहीच नाही का?"

"त्यांची नावं मला आठवत नाहीत," ते म्हणाले. "आठवायला हवीत ना? प्रयत्न करतो, पण पास्कूच येतो." मग हलकेच हसले. "आणि दुसरे पास्कू किती असतील? मला एक कळला, तो सावित्रीच्या नवऱ्यामुळे."

अठ्ठावन्नच्या थंडीत त्यांची छाती भरली. दवाखान्यात जायला तयार नव्हते. शेवटचे काही दिवस मी आणि सावित्री आळीपाळीनं त्यांच्यापाशी असू. त्यांनी मला बजावलं, "मनोरीला कळवायचं नाही. त्याला वाटेल, हा मरतानाही काही मागतोय." मी हो म्हटलं. एका दुपारी आम्ही दोघीही होतो. सावित्री पेज भरवत असताना त्यांनी मान वळवली आणि ते गेले. सावित्रीनं चमचा तसाच हातात धरून ठेवला होता. "सायबानू, अर्धी रवली हा," ती म्हणत राहिली.

आंबोलीच्या दफनभूमीत पत्नीशेजारी त्यांना पुरलं. हायकोर्टातून कुणी कुणी आलं होतं. त्यांच्या बुद्धीबद्दल, विनोदाबद्दल भाषणं झाली. अण्णा एका झाडाखाली उभे होते. ते कुठल्याच वाक्याला हसले नाहीत.

घरी आल्यावर अण्णा म्हणाले, "मनोरीला जाऊन ये."

"साहेबांनी नको म्हटलंय. मी हो म्हटलं होतं."

"साहेबांनी नको म्हटलं असेल. मी तीस वर्षं बेंच क्लार्क होतो. प्रकरण संपलं की आरोपीला कळवायचं असतं. ते साहेबांचं काम नव्हे, आमचं."

मी गेले. पास्कू त्याच माडाखाली होता. मी सांगितलं, "हॅनरहन साहेब वारले." त्यानं ओळखलं की नाही, मला कळेना. बराच वेळ त्यानं दोरा तोंडात ओला केला, गाठ मारली, दातानं तोडला.

"जवळ कोन व्हता?" त्यानं विचारलं.

"मी होते. कामाची बाई होती, सावित्री. ती त्यांना भरवत होती."

त्यानं मान हलवली. "माजी बायको गेली तवा मी आत व्हतो. पोरगी ल्हान, ती शेजारनीकडं झोपलेली. सकाळी बगतात तं बायको एकटीच, थंड." हे त्यानं साहेबांना सांगितलं नव्हतं. त्या दिवशी एवढं सगळं सांगितलं, आणि हे ठेवून घेतलं होतं.

"तुम्ही त्यांना का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

त्यानं दुसऱ्या गाठीला हात घातला. "म्हातारा व्हता," तो म्हणाला. "परत होडीत बसून जायाचा व्हता त्याला."